श्रीएकनाथषष्ठी : तिथीमाहात्म्य आणि नाथचरित्र

॥ श्री ॥



फाल्गुन वद्य षष्ठी ही तिथी आपल्या मराठी दिनदर्शिकांत श्रीएकनाथषष्ठी या नावाने छापलेली असते. कानडी पंचांगात तीच फाल्गुण बहुळ षष्ठी होय. आमच्या लोंढ्यात अनेक घरांच्या एकाच भिंतीवर दोन्ही भाषांच्या दिनदर्शिका शेजारी शेजारी टांगलेल्या आढळतात. नावे निराळी असली तरी चंद्राची कला एकच असते. या तिथीविषयी एक शंका भाविकांकडून वारंवार विचारली जाते. पक्ष वद्य, त्यात हा महाराजांच्या देह ठेवण्याचा दिवस. मग तो शोकाचा न मानता मंगल कसा मानावयाचा? त्या शंकेचे उत्तर श्रीएकनाथ महाराजांच्या चरित्रातच आहे असे आम्हांस वाटते. म्हणून तिथीमाहात्म्य आणि चरित्र ही दोन्ही येथे एकत्र देत आहोत.

तिथी आणि तिचे पावित्र्य

सूर्यापासून चंद्र १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. अशा ३० तिथींचा एक चांद्रमास. चंद्राची गती सदैव सारखी नसल्याने तिथी कधी सुमारे १९ तासांची, तर कधी २६ तासांपर्यंतही असते. म्हणूनच पंचांगात तिथीचा क्षय व वृद्धी होते. सामान्यतः सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची मानतात. महाराष्ट्रात व कर्नाटकात मास अमावास्येला संपतो, तर उत्तरेत तो पौर्णिमेला संपतो. त्यामुळे आपली फाल्गुन वद्य षष्ठी काशीच्या पंचांगात चैत्र कृष्ण षष्ठी म्हणून येते.

षष्ठी ही प्रतिपदा व एकादशीप्रमाणे नंदा तिथींपैकी एक. तिची देवता स्कंद. मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला मराठी मुलखात खंडोबाची चंपाषष्ठी, तर कर्नाटकात सुब्रह्मण्य षष्ठी साजरी होते. बालकाच्या जन्मानंतर सहाव्या दिवशी षष्ठीपूजन करण्याची चाल तर घरोघर आहे. ही झाली शास्त्राने सांगितलेली महती. फाल्गुन वद्य षष्ठीला मात्र जी थोरवी लाभली, ती गुरुशिष्यांच्या एका जोडीमुळे.

पंचपर्वाची षष्ठी

संप्रदायाच्या परंपरेनुसार या एकाच तिथीवर पाच पर्वे आली आहेत. एकनाथ महाराजांचे सद्गुरू श्रीजनार्दनस्वामी यांचा जन्म याच तिथीचा. त्यांना श्रीदत्तात्रेयांचा अनुग्रह झाला तो याच तिथीला. जनार्दनस्वामी व एकनाथ यांची गुरुशिष्य म्हणून भेट झाली तीही याच दिवशी. पुढे स्वामींनी देह ठेवला तो षष्ठीस आणि अखेरीस नाथांनी गोदावरीत जलसमाधी घेतली तीही षष्ठीस. जन्म, कृपा, भेट आणि दोन निर्वाणे अशी ही पाच पर्वे होत. शिष्याने गुरूच्या निर्वाणाची तिथी आपल्या निर्वाणासाठी निवडली, यात त्या नात्याचे सारे सार आले. मृत्यूची तिथी येथे भेटीच्या तिथीत मिसळून गेली आहे. म्हणून पैठणास या दिवशी सुतक नसते, उत्सव असतो.

भानुदासांचे घराणे आणि हंपी

नाथांचे घराणे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गोदातीरावरच्या पैठणचे. प्राचीन प्रतिष्ठान ते हेच. त्यांचे पणजोबा संत भानुदास. आम्हां कर्नाटकातील मराठी भाविकांना या घराण्याची ओढ वाटावी असे एक कारण आहे. परंपरा अशी की, विजयनगरच्या कृष्णदेवरायाने पंढरपूरची श्रीविठ्ठलमूर्ती आपल्या राजधानीत नेली होती. पंढरी ओस पडली. वारकरी व्याकुळ झाले. तेव्हा भानुदास विजयनगरास गेले. देवाने आपल्या गळ्यातील रत्नहार त्यांना दिला, त्यामुळे त्यांच्यावर चोरीचा आळ आला व सुळाची शिक्षा झाली. परंतु त्या सुळालाच पालवी फुटली, राजाचे मन पालटले आणि भानुदास देवाला घेऊन पंढरीस परतले. हंपीतील भव्य विजयविठ्ठल मंदिराचा गाभारा आजही मूर्तीविना आहे. लोंढ्याहून हुबळी, गदग, होसपेटे या मार्गाने हंपीस जाणाऱ्या आमच्या भागातील यात्रेकरूंनी तो पाहिला असेल. तो पाहताना भानुदासांचे स्मरण जरूर करावे.

मूळ नक्षत्रावरील बालक

अशा घराण्यात इसवी सन १५३३ च्या सुमारास एकनाथांचा जन्म झाला. पित्याचे नाव सूर्यनारायण, मातेचे रुक्मिणी. जन्म मूळ नक्षत्रावर झाल्याचे सांगतात. मूळ नक्षत्रावरील जन्म मातापित्यांस बाधक, अशी समजूत तेव्हाही होती. दुर्दैवाने थोड्याच काळात माता व पिता दोघेही निवर्तले. गावाने त्या बालकाकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल, याची कल्पना कोणासही करता येईल. आजोबा चक्रपाणी व आजी यांनी मात्र नातवाला पोटाशी धरून वाढविले.

भाविकांनी येथे क्षणभर थांबावे. पंचांगाने ज्याचा जन्म अशुभ ठरविला, त्याच्या देहावसानाची तिथी त्याच पंचांगात आज पर्वकाळ म्हणून छापली जाते. या दोन टोकांच्या मध्ये जे आयुष्य आहे, त्याने हे परिवर्तन घडविले.

देवगिरीची गुरुसेवा

लहानपणापासून एकनाथांना हरिकथेचा छंद होता. वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, घरी न सांगता, ते गुरूच्या शोधात देवगिरीस पोहोचले. जनार्दनस्वामी हे देवगिरीचे, म्हणजे दौलताबादचे, किल्लेदार. चाळीसगावच्या देशपांडे घराण्यातील हे पुरुष यवन सत्तेच्या चाकरीत असूनही थोर दत्तभक्त होते. स्वामींच्या उपासनेसाठी गडावर गुरुवारी कचेरीस सुटी असे, असे सांगतात. राज्यकारभार आणि परमार्थ ही दोन्ही एका माणसाच्या ठायी कशी नांदतात, याचा पहिला पाठ नाथांना तेथे मिळाला.

गुरूंनी शिष्याला हिशेबाचे काम दिले. एकदा हिशेबात एका पैची चूक येत होती. एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि पहाटे चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविती झाले. एका पैसाठी जो एवढा एकाग्र होतो, तो परमेश्वराकडे वळला तर काय होईल, हे स्वामींनी तेव्हाच ओळखले. गडावर शत्रू चालून आला असता, समाधीत असलेल्या गुरूंना न उठविता त्यांचा वेष व शस्त्रे धारण करून एकनाथांनी लढाई दिल्याचीही कथा आहे. पुढे शूलभंजन पर्वतावर अनुष्ठान झाले. नंतर तीर्थयात्रेत, त्र्यंबकेश्वराच्या वाटेवर, गुरूंच्या आज्ञेवरून चतुःश्लोकी भागवतावरील मराठी टीका हा त्यांचा पहिला ग्रंथ सिद्ध झाला.

गृहस्थाश्रमाची आज्ञा

यात्रा करून एकनाथ पैठणास आले खरे, पण घरी गेले नाहीत. वृद्ध आजोबांनी जनार्दनस्वामींकडून एक पत्र आणवून ठेवले होते. विवाह करावा व पैठणातच राहावे, अशी त्यात आज्ञा होती. पत्र वाटेत हाती पडले आणि जेथे पडले तेथेच एकनाथ थांबले. पुढे गिरिजाबाईंशी त्यांचा विवाह झाला. नाथांचा परमार्थ गिरिजाबाईंवाचून उभा राहिला नसता, असे आमचे मत आहे. अवेळी आलेल्या अतिथीसाठी चूल पेटविणारी, पतीवर गावाने बहिष्कार टाकला तरी न डगमगणारी ही माउली होती.

पहाटे उठणे, गोदास्नान, पूजा, ग्रंथवाचन, माध्यान्ही अतिथींसह भोजन, दुपारी पुराण आणि रात्री कीर्तन असा नाथांचा नित्यक्रम असे. पुरणपोळीच्या ओढीने घरी आलेला गावबा नावाचा मुलगा त्यांनी पुत्रवत् सांभाळला. इतरांनी मंदबुद्धीचा ठरविलेल्या त्याच गावबाने पुढे नाथांचे अपुरे राहिलेले भावार्थरामायण पुरे केले, असे परंपरा सांगते. साक्षात् भगवंताने श्रीखंड्या या नावाने १२ वर्षे नाथांच्या घरी कावडीने पाणी भरले, ही कथा तर आबालवृद्धांस ठाऊक आहे.

श्राद्धतिथीची कसोटी

नाथ तिथी पाळणारे होते. एकादशी, जयंत्या, श्राद्धपक्ष यांत त्यांनी कधी उणे पडू दिले नाही. म्हणूनच त्यांच्या घरची श्राद्धाची कथा मोलाची आहे. पितृतिथीचा दिवस होता. स्वयंपाक सिद्ध झाला होता, ब्राह्मण यावयाचे होते. त्या वेळी त्या काळी अस्पृश्य मानले गेलेले एक कुटुंब वाड्यावरून जात होते. अन्नाचा सुवास आला आणि भुकेले मूल ते मागू लागले. असे अन्न आपल्या नशिबी कोठले, असे म्हणून आईबाप त्याला पुढे ओढू लागले. नाथांनी ते ऐकले. पितरांसाठी केलेले सर्व अन्न त्यांनी त्या कुटुंबाला व त्यांच्या सोयऱ्यांना बोलावून पोटभर वाढले.

त्यानंतर गिरिजाबाईंनी सारे घर सारवून स्नान करून पुन्हा स्वयंपाक केला. परंतु निमंत्रित ब्राह्मणांनी श्राद्धास येण्याचे नाकारले. पाने मांडून ठेवली आणि नाथांनी आवाहन केले, तेव्हा पितर स्वतः येऊन जेवले, असे चरित्रकार सांगतात.

या कथेत नाथांनी तिथी मोडली नाही. श्राद्ध त्याच दिवशी झाले, यथाविधी झाले. मात्र तिथीच्या नावाखाली भुकेल्या मुलाला दारातून परत पाठविणे त्यांना मान्य नव्हते. त्याची किंमत त्यांनी बहिष्काराच्या रूपाने मोजली. वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारे, त्याच समाजातील एक मूल त्यांनी उचलून कडेवर घेतले आणि त्याच्या घरी पोहोचविले. रामेश्वरास नेण्यासाठी काशीहून आणलेल्या गंगेची कावड त्यांनी तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिती केली. आपल्या अंगावर वारंवार थुंकणाऱ्या यवनावर ते रागावले नाहीत. पुनःपुन्हा गोदास्नानाचे पुण्य घडविल्याबद्दल त्यांनी त्याचे आभारच मानले. साऱ्या कथांचे मर्म एकच, की ज्याच्या नावाने आपण व्रत करतो तो समोरच्या जिवात आहे. १९३५ साली प्रभात कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली याच चरित्रावर धर्मात्मा हा बोलपट काढला. त्यात बालगंधर्वांनी नाथांची भूमिका केली होती.

काशी आणि मराठी भागवत

नाथांनी आपल्या ग्रंथांच्या शेवटी तिथी नोंदविल्या आहेत. रुक्मिणीस्वयंवर शके १४९३ (इ.स. १५७१) मध्ये रामनवमीस वाराणसीत पूर्ण झाले. भागवताच्या एकादश स्कंधाच्या ३१ अध्यायांवरील त्यांची टीका, म्हणजे आपले एकनाथी भागवत, पैठणात आरंभिले गेले आणि शके १४९५ (इ.स. १५७३) मध्ये कार्तिकी पौर्णिमेस वाराणसीतच सिद्ध झाले. त्याच्या ओव्या १८,००० हून अधिक आहेत. व्यासांची वाणी प्राकृतात आणल्याबद्दल काशीच्या पंडितांनी प्रथम आक्षेप घेतला. पुढे ग्रंथ ऐकल्यावर त्यांनीच त्याची मिरवणूक काढली, असे सांगतात. हा काळ कसा होता, हेही ध्यानी घ्यावे. १५६५ साली तालिकोटच्या लढाईत विजयनगर पडले होते. त्यानंतर अवघ्या आठ वर्षांत मराठी भाषेत हे अमृत तयार झाले. सामान्यांसाठी त्यांनी भारुडे व गौळणी रचल्या आणि हिंदू व तुर्क यांच्यातील संवादही लिहिला.

घरातील कसोटी

बाहेरच्यांचा विरोध सोसणे एक वेळ सोपे. नाथांच्या वाट्याला घरचाही विरोध आला. त्यांचे पुत्र हरिपंडित हे मोठे शास्त्री. वडिलांनी मराठीत पुराण सांगावे आणि कोणाच्याही घरी जेवावे, हे त्यांना रुचेना. ते रुसून काशीस निघून गेले. वृद्ध नाथ त्यांना आणावयास गेले आणि मराठी पुराण व परान्न या दोन्ही गोष्टी सोडण्याच्या अटीवर पुत्र परतला. नाथांनी शब्द पाळला. पुढे सहस्रभोजनाचा संकल्प केलेली एक गरीब वृद्ध स्त्री आली. हजार ब्राह्मणांना जेवू घालण्याचे तिला सामर्थ्य नव्हते. एकट्या नाथांना जेवू घातल्याने संकल्प पुरा होईल, अशी तिची श्रद्धा. पुत्राच्या संमतीने, त्याच्याच हातचा स्वयंपाक घेऊन, नाथ तिच्या घरी जेवले. हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलू लागले तो तिच्याखाली दुसरी, तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या. त्या दिवशी पुत्राचा अहंकार गळाला आणि वाड्यात मराठी पुराण पुन्हा सुरू झाले.

नाथांच्या कन्येचे पुत्र म्हणजे प्रसिद्ध कवी मुक्तेश्वर. त्यांची समाधी आपल्या सीमाभागाजवळ, कुरुंदवाडनजीकच्या तेरवाड येथे असल्याचे परंपरेने मानले जाते.

दुसरी षष्ठी : ज्ञानेश्वरीची शुद्धी

नाथचरित्रात आणखी एक षष्ठी आहे. ज्ञानेश्वर महाराजांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती शके १२१२ (इ.स. १२९०) मध्ये. पुढील जवळजवळ ३०० वर्षांत नकला होता होता तिच्यात अनेक अपपाठ शिरले होते. अजानवृक्षाची मुळी कंठास लागल्याचे ज्ञानदेवांनी स्वप्नात सांगितले आणि नाथ आळंदीस गेले, अशी कथा आहे. त्यांनी समाधीचा शोध घेतला, मुळी दूर केली आणि त्यानंतर ग्रंथाच्या शुद्धीचे काम हाती घेतले. शके १५०६ (इ.स. १५८४), तारण संवत्सरी, भाद्रपदातील कपिलाषष्ठीस ते पूर्ण झाले.

भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र व व्यतीपात योग हे सारे एकत्र आले आणि सूर्य हस्त नक्षत्री असला की कपिलाषष्ठी होते. हा योग अनेक वर्षांनी येतो. म्हणून क्वचित घडणाऱ्या गोष्टीस आपण कपिलाषष्ठीचा योग म्हणतो. नाथांनी एवढे श्रम घेतले, पण ज्ञानेश्वरीत स्वतःची एकही ओवी घातली नाही, आणि पुढे कोणी घालू नये असे बजावूनही ठेवले. भाद्रपद वद्य षष्ठीस आपण ज्ञानेश्वरी जयंती साजरी करतो ती यामुळेच.

जलसमाधी आणि पैठणचा उत्सव

इ.स. १५९९ हे नाथांच्या निर्वाणाचे वर्ष मानतात. आपला काळ जवळ आल्याचे जाणून त्यांनी गुरूंची तिथी निश्चित केली. गोदातीरी कीर्तन झाले, जमलेल्यांचा निरोप घेतला आणि नामघोषात ते गोदावरीच्या पात्रात शिरले. जेथे अंत्यसंस्कार झाले, तेथे नदीकाठी आज समाधिमंदिर आहे. गावातील राहत्या वाड्याचेही मंदिर झाले आहे. पैठणजवळील जायकवाडी धरणाच्या जलाशयाला नाथसागर हे नाव आहे.

वाड्यात श्रीखंड्याने पाणी भरलेला रांजण आहे. फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे तुकाराम बीजेस, तो भरण्यास आरंभ होतो. स्त्रीपुरुष भाविक पाणी आणून ओततात. ज्याच्या घागरीने रांजण भरून वाहू लागतो, त्याच्या रूपाने देव आला असे मानून त्याचा सन्मान करतात. कोणाची घागर शेवटची ठरेल हे आधी कोणालाच ठाऊक नसते, म्हणून प्रत्येक घागरीचे स्वागत सारख्याच आदराने करावे लागते. षष्ठीपासून तीन दिवस उत्सव चालतो. राज्यभरातून दिंड्या येतात आणि अष्टमीस काल्याने सांगता होते.

आपण काय करावे

षष्ठीस पैठणास जाणे आपल्या भागातील सर्वांना शक्य नसते. घरी राहणाऱ्यांनी प्रातःकाळी स्नान करून नाथांच्या व जनार्दनस्वामींच्या प्रतिमेचे पूजन करावे. एकनाथी भागवताचा निदान एक अध्याय वाचावा. ज्यांना जमेल त्यांनी द्वितीयेपासून षष्ठीपर्यंत रोज वाचन ठेवावे. षष्ठी दोन सूर्योदयांना आल्यास किंवा तिचा क्षय झाल्यास आपण नेहमी मानतो त्या पंचांगातील निर्णय पाळावा. त्यावरून वाद घालू नये.

अन्नदान मात्र चुकवू नये. लोंढा हे रेल्वेचे जंक्शन. गोव्याकडून, हुबळीकडून, बेळगावकडून येणारी अनोळखी माणसे येथे उतरतात, गाडीची वाट पाहतात. त्यांत कोणी भुकेलेला असतोच. षष्ठीचा नैवेद्य दाखविल्यावर पहिले पान कोणासाठी वाढावे, हे नाथांनी आपल्या घरच्या श्राद्धाच्या दिवशी दाखवून ठेवले आहे. जात, भाषा, गाव न विचारता ते वाढले गेले, तर वद्य पक्षातील ही षष्ठी मंगल का, हा प्रश्न निदान त्या घरात उरणार नाही.

सर्व भाविकांस व न्यासाच्या सदस्यांस श्रीनाथषष्ठीच्या शुभेच्छा. नाथ महाराजांची कृपा सर्वांवर राहो, ही श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥

सचिव, मंदिर न्यास, लोंढा